व्हॉल्व्हमन मामा रिटायर व्हायच्या आत गावाच्या पाइपलाइनचा नकाशा करून घ्या, नगरपरिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष साहेब, मा. मुख्याधिकारी मॅडम, पाणीपुरवठा विभागाचे इंजिनिअर साहेब आणि आमचे सगळे नगरसेवक,

सप्रेम नमस्कार.

मी जुन्या पेठेत राहतो आणि बाजार रोडला गेली २२ वर्षं माझं नळ-पाइप फिटिंगचं दुकान आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घर बांधताना माझ्याकडूनच माल नेलाय त्यामुळे ओळख सांगायची गरज नाही. या पत्राची एक प्रत सोमवारी इनवर्डला देऊन शिक्का घेतलाय. पण तिथे ती फाइलीला लागेल आणि विषय मागे पडेल, आणि या विषयाला आता तेवढा वेळ राहिलेला नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर पण लिहितोय.

मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. आपले व्हॉल्व्हमन मामा ३१ मे ला रिटायर होताहेत. सत्कार ठरलाय, शाल-श्रीफळ होईल, ते व्हायलाच पाहिजे, माणसाने ३४ वर्षं पहाटे चारला उठून गावाला पाणी सोडलंय. पण १ जूनला सकाळी त्या घाटगल्लीच्या कोपऱ्यावर चावी घेऊन जो नवीन पोरगा उभा राहील त्याला कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे, तो कुठली लाइन बंद करतो आणि किती फेऱ्यांत बंद होतो हे सांगणारा कागद आपल्या नगरपरिषदेत नाही. मी स्वतः जाऊन विचारलंय. मला एक जुनी ब्ल्यूप्रिंट दाखवली, पहिल्या योजनेची, घड्यांवर फाटलेली, तिच्यात आजची निम्मी गल्ल्यांची नावं नाहीत आणि स्टँडच्या पलीकडचं अख्खं गाव नाही. त्यानंतर जेवढी लाइन वाढली, म्हणजे पीव्हीसी आली, मग एचडीपीईचा प्लास्टिक पाइप आला, कुठे चार इंचीला तीन इंची जोडली, कुठे एका नगरसेवकाच्या आग्रहाने दुसऱ्या झोनमधून कनेक्शन ओढलं, ते सगळं फक्त मामांच्या डोक्यात आहे. ते घरी गेले की गावाचा नकाशा घरी गेला.

हे वाढवून सांगत नाहीये. गेल्या दिवाळीच्या आधी मामा आठ दिवस दवाखान्यात होते तेव्हा काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. बदली म्हणून जो कंत्राटी मुलगा लावला होता तो मेहनती आहे, त्याची चूक अजिबात नाही. देवळामागचा आठ इंची व्हॉल्व्ह त्याने नेहमीसारखा उजवीकडे फिरवून बंद करायला घेतला, बंद होईना म्हणून जोर लावला, पाइप अडकवून अजून जोर लावला आणि स्पिंडल तुटला. तो व्हॉल्व्ह उलटा होता. डावीकडे फिरवला की बंद व्हायचा. फार जुना, पहिल्या योजनेतला होता, गावात असे तीनच होते आणि ते तीन कुठले हे फक्त मामांना माहीत. तीन वॉर्डांना अडीच दिवस पाणी नव्हतं. ऐन सणाच्या तोंडावर बायका टँकरमागे पळत होत्या. नवीन व्हॉल्व्ह, जेसीबी, वर रस्त्याचं पॅचवर्क असा सगळा खर्च झाला, आणि हे सगळं वाचलं असतं जर त्या चेंबरच्या झाकणावर ऑइल पेंटने एक बाण काढलेला असता.

चेंबर म्हटलं तर तोही एक विषयच आहे. मागच्या चार-पाच वर्षांत आपल्याकडे जेवढे डांबरी आणि काँक्रीटचे रस्ते झाले त्यात किती व्हॉल्व्ह चेंबर गाडले गेले हे पण मामाच सांगू शकतात. त्यांच्या हिशेबाने निदान अकरा. ठेकेदाराला रस्ता प्लेन हवा असतो, चेंबर उंच घ्यायला अर्धा दिवस जातो, म्हणून झाकणावरून थर मारून मोकळा होतो. मग त्या भागात लिकेज झालं की जवळचा व्हॉल्व्ह सापडत नाही म्हणून थेट टाकीवरून अख्खा झोन बंद करावा लागतो, एका गल्लीच्या दुरुस्तीसाठी सहा गल्ल्या तहानलेल्या. इंजिनिअर साहेब, रस्त्याचं बिल काढायच्या आधी त्या रस्त्यावरचे सगळे चेंबर उघडून दाखव असं एक कलम टेंडरमध्ये घालायला काय अडचण आहे, मला खरंच कळत नाही.

आता मामांना काय काय येतं ते जरा जवळून सांगतो, कारण ऑफिसात बसून ते दिसत नाही. फेब्रुवारीत आमच्या मागच्या बोळात पाण्याचं प्रेशर एकदम कमी झालं, वर कुठे ओल नाही, पाणी कुठे वर येत नाही, काहीच पत्ता लागेना. मामा रात्री दीड वाजता आले, मी बरोबर गेलो टॉर्च धरायला. त्या दिवशी मुद्दाम त्यांनी लाइन भरून ठेवली होती. एकेका व्हॉल्व्हवर ती लांब लोखंडी चावी उभी ठेवायची आणि वरच्या दांड्याला कान लावून डोळे मिटून उभं राहायचं. दोन मिनिटं काहीही बोलायचं नाही. मग म्हणायचे, इथे गप्प आहे, पुढे चला. चौथ्या ठिकाणी त्यांनी माझाच कान लावायला लावला आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं, बारीक सूंऽऽ असा आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना तसा. म्हणाले, हा वाहतोय, खाली गटाराला मिळालाय म्हणून वर येत नाही. सकाळी तिथून सात फुटांवर खणलं आणि जॉइंट सापडला. दिवसा गाड्यांच्या आवाजात हे ऐकू येत नाही म्हणून रात्रीच करावं लागतं. हे काम मोठ्या शहरांत मशीन लावून करतात, आपल्याकडे ३४ वर्षं एका माणसाच्या कानाने चाललंय, आणि त्याने ते कोणाला शिकवावं असं आजपर्यंत कोणी त्यांना म्हटलंच नाही. मी विचारलं तर म्हणाले, पोरगं दिलं असतं बरोबर तर शिकवलं असतं की.

दुसरी गोष्ट हिशेबाची. फिल्टर प्लॅन्टकडून टाकीकडे येणारी जी मेन लाइन आहे तिच्यावर ओढ्याच्या पुलाजवळ एक एअर व्हॉल्व्ह आहे. तो गेल्या पावसाळ्यापासून गळतोय. गळतोय म्हणजे थेंब थेंब नाही, धार आहे, तिथे गाड्या धुतात, म्हशी पाणी पितात, आता लोकांना ते सार्वजनिक नळासारखंच वाटायला लागलंय. मी एका रविवारी घरची १५ लिटरची बादली नेली आणि मोबाइलवर वेळ लावला. ५० सेकंदांत भरली. तीन वेळा भरली, दोन-तीन सेकंद इकडे तिकडे. म्हणजे मिनिटाला १८ लिटर, तासाला १,०८० लिटर. आपला पंप साधारण १६ तास चालतो असं प्लॅन्टवरच सांगतात, म्हणजे दिवसाला १७,२८० लिटर. १० हजार लिटरचे पावणेदोन टँकर रोज. शहरात माणशी १३५ लिटर पाणी द्यावं असा जो सरकारी निकष आहे त्याने धरलं तर सव्वाशेहून जास्त माणसांचं पाणी त्या एका गळक्या व्हॉल्व्हमधून ओढ्यात जातंय, तेही जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, उपसून, फिल्टर करून, तुरटी आणि क्लोरीन घालून, विजेचं बिल भरून झाल्यावरचं पाणी. त्याच्या आतला बॉल आणि रबर सीट झिजलीय. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी ते सामान माझ्या दुकानातून फुकट देतो असं लेखी दिलंय.

आणि आता तर कोणीतरी त्याला गोणपाट गुंडाळून तारेने आवळलंय, चांगल्या हेतूनेच केलं असेल, पण त्याने जास्त नुकसान आहे. पंप सुरू झाला की लाइनमधली हवा तिथून बाहेर पडायला पाहिजे, आणि पंप बंद झाला की तिथूनच हवा आत यायला पाहिजे, नाहीतर लाइनमध्ये पोकळी होते आणि पाइपावर, जॉइंटवर ताण येतो. हे आपल्या लोकांना नवीन नाही हो. नानासाहेब पेशव्यांनी १८ व्या शतकात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जो नळ आणला त्याच्यावर हवा निघून जायला आणि गाळ काढायला ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. शब्दच किती बरोबर आहे बघा, उच्छ्वास. मलिक अंबरने त्याच्या आधी औरंगाबादला, म्हणजे आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर बांधली तिचं पाणी तर भाजलेल्या मातीच्या नळांतून चालायचं. त्या लोकांनी नळ पुरतानाच उद्या कोणीतरी याच्यात उतरून साफ करणार आहे हे धरून बांधकाम केलं. आपण पुरतो आणि वर काँक्रीट करतो.

पाणी वाया जातं, पैसा जातो, ते एकवेळ ठीक म्हणू. पण मी हे पत्र लिहायला बसलो ते माझ्या पुतणीमुळे. अकरावीत आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिला कावीळ झाली, आधी ताप, मळमळ, आम्हाला वाटलं पित्त आहे, मग डोळे पिवळे दिसले. दीड महिना कॉलेज बुडालं, अकरा दिवस सलाइनवर होती, वजन एवढं उतरलं की युनिफॉर्म ढगळ व्हायला लागला. आमच्याच बोळात त्या महिन्यात आणखी दोन घरांत कावीळ निघाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता?

मी आणि बोळातली चार पोरं, आम्ही गटारावरच्या फरशा उचलल्या. आमच्या बोळात दोन्ही बाजूची मिळून १९ घरं आहेत आणि त्यातल्या १४ घरांची नळ कनेक्शनं गटारातून गेलेली आहेत. गटाराच्या शेजारून जात नाहीत, आतूनच जातात, सांडपाण्यात बुडलेली. अर्ध्या इंचाचा जीआय म्हणजे लोखंडी पाइप, त्याला बाहेरून एवढा गंज की बोटाने खपली निघत होती, आमच्या भावाच्या घराच्या पाइपाला तर सुईच्या टोकाएवढी सात-आठ भोकं, चाळणीच. पाणी सुरू असताना त्यातून बारीक फवारे उडत होते आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. ही कनेक्शनं प्लंबरांनी सोपं पडतं म्हणून तशी काढलीत, मंजुरीचा कागद नगरपरिषदेचा आहे, बघायला कोणी आलं नाही, आणि पाइप माझ्या दुकानातून गेलेत. ते मला रात्री झोपू देत नाही. आता मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, लाइन कुठून नेणार, आणि गटारातून म्हणाला तर समजावतो, वरून एचडीपीई घे, बाहेरून मोठा पाइप घाल, पण माझ्याकडून नाही घेतला तर तो पुढच्या दुकानातून घेतो. हे दुकानदाराने थांबवायचं काम नाही, कनेक्शन देताना तुमच्या माणसाने उभं राहून बघायचं काम आहे.

आता यात गंमत अशी वाटते लोकांना की पाणी बाहेर फवारतंय म्हणजे घाण आत कशी जाईल. पाणी चालू असतं तोपर्यंत जात नाही, ते खरंच आहे. पण आपल्याकडे पाणी येतं एक दिवसाआड पाऊण तास. बाकीचे सत्तेचाळीस तास पाइप रिकामा, किंवा अर्धा भरलेला. व्हॉल्व्ह बंद झाला की लाइनमधलं पाणी उताराला सरकतं आणि मागे पोकळी होते, आणि मग तो पाइप रंगपंचमीच्या पिचकारीसारखा त्या भोकांतून जे बाहेर असेल ते आत ओढून घेतो. बाहेर गटार आहे. त्याच्यात भर मोटारीची. प्रेशर नाही म्हणून लोक नळालाच मोटर लावतात, ती तर ओढायलाच बसवलेली असते. मोटारी मी पण विकतो, आणि शेवटच्या घरातली म्हातारी जेव्हा सांगते की मोटर लावल्याशिवाय माझ्या पिंपात थेंब पडत नाही तेव्हा तिला नाही म्हणायची माझी हिंमत होत नाही. तुम्ही वर्षातून एकदा मोटारी जप्त करायची मोहीम काढता. ती काढा, पण ज्या लाइनला शेवटच्या घरापर्यंत प्रेशर नाही तिथे आधी लाइन बघा, तिथली मोटर हा आजार नाहीये.

हुबळी-धारवाडचं उदाहरण मला फार पटलं. तिथे २००८ पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि बाकी शहराला जुन्या पद्धतीने काही दिवसांआड पाणी येत राहिलं, शुद्ध करून येणारं पाणी दोन्हीकडे एकच. मग संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं. चोवीस तासवाल्या भागात शंभर नमुन्यांत एखादा सुद्धा ई. कोलायवाला, म्हणजे मैल्यातले जंतू असलेला, जेमतेम निघाला, आणि काही दिवसांआडवाल्या भागात शंभरात तिसाच्या वर. पाणी तेच आणि प्लॅन्ट तोच, फरक फक्त पाइप सतत भरलेला आहे की नाही याचा. म्हणून प्लॅन्टवर पाणी कितीही स्वच्छ केलं आणि त्याचा रिपोर्ट कितीही चांगला आला तरी आमच्या बोळाला त्याचा उपयोग नाही, आमचं पाणी प्लॅन्टनंतर खराब होतं. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत आल्यावर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं मानक आहे, आणि तुमचा माणूस ती क्लोरीन बघायची ओटी टेस्ट टाकीखालच्या नळावर करतो. तिथे ती पिवळी, म्हणजे क्लोरीन आहे अशी, येणारच. टेस्ट करायची तर आमच्या बोळाच्या शेवटच्या घरात करा, स्टँडमागच्या वस्तीत करा, लाइन जिथे संपते तिथे.

इचलकरंजीत २०१२ साली काविळीने काय हाहाकार केला होता ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, आपल्या गावातल्या मुली तिकडे दिलेल्या आहेत. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा पण संशयाची सुई पाण्यावरच गेली होती. मोठ्या शहरांत निदान बातमी होते, लॅब येते, टीम येते. आपल्या बोळात तीन कावीळ झाल्या तर बातमी पण होत नाही.

आता माझ्या बिलबुकाबद्दल. नगरपरिषदेच्या दुरुस्तीचं सामान ठेकेदार बऱ्याचदा माझ्याकडून नेतो आणि मी बिलावर सवयीने कामाची जागा लिहितो. पत्र लिहायच्या आधी मागच्या दोन वर्षांची बिलं काढून बसलो. मधल्या आळीच्या चौकासाठी चार इंची क्लॅम्प नऊ वेळा गेलाय. नऊ! साठ-सत्तर फुटांच्या तुकड्यासाठी. दर वेळी जेसीबी, दोन मजूर, ट्यूब गुंडाळा, क्लॅम्प आवळा, माती लोटा, आणि दोन महिन्यांनी दहा फुटांवर पुन्हा फुटतो, कारण पाइपच संपलाय, त्याचं आयुष्य झालंय. नऊ दुरुस्त्यांच्या खर्चात तो तुकडा नवीन टाकून झाला असता हे मी व्यवसायाने सांगतो. पण तुमच्याकडे लिकेजचं रजिस्टर तारखेप्रमाणे आहे, जागेप्रमाणे नाही, त्यामुळे ही नऊ दुरुस्त्यांची गोष्ट तुम्हाला दिसतच नाही. मी बिलांच्या झेरॉक्स द्यायला तयार आहे, कोणाला अडचणीत आणायला नाही, कुठला तुकडा आधी बदलायचा हे त्यातून कळेल म्हणून.

आणि दुरुस्ती करताना अजून एक विनंती. पाइप कापला की खड्ड्यातलं गढूळ पाणी त्याच्यात जातंच. जोडून झाल्यावर ते पाणी बाहेर सोडून द्या, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून लाइन धुवा आणि मग घरांना सोडा. मामा पहिली दहा मिनिटं पाणी वॉशआउटला, म्हणजे लाइन धुवायला बाहेर, सोडतात म्हणून त्यांना लोक पाणी वाया घालवतो म्हणून शिव्या देतात. ते वाया जात नाही, कृपा करून हे नगरपरिषदेने भोंगा फिरवून लोकांना सांगावं.

नवीन योजनेबद्दल. केंद्राच्या अमृत २.० योजनेतून आपला डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, चाललाय, नवीन टाकी होणार, फिल्टर प्लॅन्टची क्षमता वाढणार, आम्हाला आनंदच आहे. पण माझं ऐका, टाकी वाढवली आणि खालचं जाळं हेच राहिलं तर तेच पाणी जास्त जोराने त्याच भोकांतून जाईल. कराडजवळ आपलं मलकापूर बघा, लहानच गाव, महाराष्ट्रात चोवीस तास पाण्यासाठी नाव काढलं त्यांनी. तिथे नुसती टाकी बांधली नाही, आतली लाइन बदलली, घरोघर मीटर लावले, कमी वापरेल त्याला कमी दर आणि जास्त वापरेल त्याला चढता दर ठेवला. ओडिशातलं पुरी, जगन्नाथाचं, जिथे रथयात्रेला लाखांनी माणूस येतो, तिथे २६ जुलै २०२१ पासून नळाचं पाणी थेट प्या असं सरकारने जाहीर केलं, आणि तिथे बचत गटांच्या बायका जलसाथी म्हणून घरोघरी जाऊन पाणी तपासतात, मीटर वाचतात, बिल घेतात. आपल्याकडे बचत गट किती जोरात आहेत तुम्हाला माहीतच आहे. मी उद्या चोवीस तास पाणी द्या म्हणत नाहीये, ते एका वर्षात होणारं काम नाही हे मला कळतं. पण या दोन्ही गावांनी आपल्या जमिनीखाली काय आहे हे आधी शोधलं असणार, त्याशिवाय हे होत नाही, आणि ते शोधायला आपल्याकडे मामा आहेत, अजून काही आठवडे.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे, आणि त्याला कोटी लागत नाहीत. मामांना एप्रिल आणि मे हे दोन महिने पाणी सोडायच्या ड्यूटीतून अर्धं मोकळं करा. त्यांच्याबरोबर तो कंत्राटी मुलगा द्या आणि पॉलिटेक्निकची दोन मुलं द्या, त्यांना प्रोजेक्ट होईल. रोज पहाटे एक झोन फिरायचा, प्रत्येक व्हॉल्व्हचं मोबाइलवर लोकेशन घ्यायचं, झाकण उघडून फोटो काढायचा आणि लिहायचं, किती इंची, कुठल्या वर्षाचा, उजवा की डावा, किती फेरे, बंद केला की कुठल्या कुठल्या घरांचं पाणी जातं. मामा सांगतात बारा इंचीला अडतीस फेरे, आणि शेवटचे सात-आठ फेरे अगदी सावकाश, नाहीतर पाणी मागे धडक मारतं आणि दुसरीकडे जॉइंट उडतो. हे पण लिहून घ्या, हे कुठल्या डीपीआरमध्ये येत नाही. गाडलेले अकरा चेंबर त्यांच्याकडून खडूने मार्क करून घ्या, फोडायचे नंतर. कुठे लाइन गटाराला आडवी जाते ते टिपून घ्या. आणि रिटायर झाल्यावर त्यांना वर्षभर मानधनावर ठेवता आलं तर बघा मॅडम, त्यांची मुलगी म्हणते घरी बसून त्यांना करमणारच नाही.

आमच्या बोळाचं काम आम्ही सुरू केलंय. १४ पैकी ६ घरांनी स्वतःच्या खर्चाने कनेक्शन गटाराच्या वरून घेतलंय, सामान मी खरेदीच्या भावात दिलं. बाकी आठ घरांत दोन घरं अशी आहेत की तिथे दोन हजार रुपये पण एकदम निघत नाहीत, त्यांचं नगरपरिषदेने करून द्यावं आणि पाणीपट्टीतून हप्त्याने घ्यावं, तसा अर्ज सोबत जोडलाय, सगळ्यांच्या सह्या आहेत.

मामांशी माझं बोलणं झालंय. ते तयार आहेत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की साहेबांनी सांगितलंय का तुम्हीच म्हणताय. मी म्हटलं सध्या मीच म्हणतोय. येत्या सोमवारी पहाटे साडेचारला आम्ही दोघं जुन्या टाकीपासून सुरुवात करतोय, वही मी घेतलीय, ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश पण घेतलाय. तुमच्या ऑफिसचा कोणी आला तर बरं होईल, शिक्का तुमचा असला की ती वही उद्या दप्तरात राहील.

आपला,
जुन्या पेठेतला एक नळधारक